सेन्सर बदलूनही गरम गाडी उचलत नाही: कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमधला बिघाड कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी सकाळी थंड असताना व्यवस्थित चालू होते. पण गरम झाल्यावर बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला तर लवकर उचलत नाही, आणि चालू झाली की पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरमधून क्षणभर काळा धूर निघतो. ॲव्हरेज घसरलंय. रेडिएटरचा फॅन कधी कधी कारण नसताना फिरत राहतो. चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो आणि स्कॅनरवर पी०११८ हा कोड दिसतो. कूलंट टेम्परेचर सेन्सर नवा टाकला, थोडे दिवस बरे गेले, पुन्हा तोच त्रास सुरू. आता दुसरा सेन्सर घ्यायचा का?

लगेच घेऊ नका. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींमुळे माझा पहिला संशय सेन्सरवर नसून त्याच्या कपलरवर, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या जोडणीवर आहे. एक म्हणजे त्रास गरम इंजिनवरच होतो. दुसरी म्हणजे सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा बसवला गेला आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. संशय खरा की खोटा हे तपासायला एक साधा मल्टिमीटर, लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, दाखवणारा स्कॅनर आणि दोन-चार रेझिस्टर एवढं पुरतं. पण आधी हे सर्किट काम कसं करतं ते नीट कळायला हवं, कारण ते कळलं की निम्मं निदान बसल्या जागी होतं.

सेन्सरच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. एका फार प्रचलित प्रकाराचे आकडे सांगतो: ० अंश सेल्सिअसला सुमारे ५९०० ओहम, २० ला २५००, ५० ला ८३०, ८० ला ३२० आणि १०० ला १८५ च्या आसपास. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या आत एक ठरावीक रेझिस्टर असतो. त्यातून ५ व्होल्ट सिग्नलच्या वायरवर येतात, सेन्सरमधून जाऊन दुसऱ्या वायरने ईसीयूच्या अर्थला (ग्राउंडला) परत जातात. सेन्सरवर किती व्होल्ट पडले ते ईसीयू मोजतो आणि त्याच्याकडच्या तक्त्यावरून तापमान ठरवतो. इंजिन थंड असलं की व्होल्टेज जास्त, साधारण अडीच ते साडेतीन; पूर्ण गरम झालं की कमी, अर्धा ते एक व्होल्ट.

यातूनच पी०११८ चा अर्थ लागतो, आणि इथे पुष्कळ जण फसतात. कोडच्या वर्णनात ‘हाय इनपुट’ असं वाचलं की वाटतं, तापमान जास्त दाखवतंय. प्रत्यक्षात इथे ‘हाय’ आहे ते व्होल्टेज. म्हणजे ईसीयूला इंजिन बर्फासारखं थंड दिसतंय. वायर तुटली, कपलर सुटला किंवा पिन नीट टेकली नाही की सिग्नलच्या वायरवर पूर्ण ५ व्होल्ट उभे राहतात आणि स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. पी०११७ याच्या उलट: व्होल्टेज जवळजवळ शून्य, म्हणजे शॉर्ट, आणि स्कॅनरवर १३०-१४० किंवा त्याहून जास्त असा अशक्य आकडा. पी०११९ म्हणजे सिग्नल मध्येच येतोय-जातोय. पी०११६ म्हणजे सर्किट तुटलेलं नाही, पण आकडा परिस्थितीशी जुळत नाही. पी०१२८ दिसला तर आधी थर्मोस्टॅटकडे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हकडे बघायचं. त्याबद्दल पुढे लिहितो.

गरम गाडी उचलत का नाही, तेही आता स्पष्ट होईल. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून इंजिन थंड आहे असं दिसलं की ईसीयू सेल्फ मारताना इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो. इंजिन खरं तर तापलेलं असलं की हे जादा पेट्रोल जळत नाही, स्पार्क प्लग ओले होतात, आणि चालू झाल्यावर तेच काळ्या धुरातून बाहेर पडतं. गाडी चालल्यानंतर प्लग काढून बघितले तर टोकाशी कोरडी, मऊ काजळी दिसेल. सकाळी इंजिन खरंच थंड असतं, त्यामुळे जास्त पेट्रोल चालून जातं आणि काही बिघडलंय असं जाणवतच नाही. फॅनचं कारण वेगळं आहे. सिग्नल मर्यादेबाहेर गेला की बहुतेक ईसीयू त्या सेन्सरवर विश्वास ठेवणं सोडतात, स्वतःकडचा एक ठरलेला आकडा धरून इंजिन चालवतात आणि इंजिन जास्त तापू नये म्हणून फॅन चालू ठेवतात. कित्येक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसरही बंद होतो. म्हणजे विनाकारण फिरणारा फॅन हा स्वतंत्र बिघाड समजू नका.

आता ज्या मुद्द्यामुळे मी कपलरवर बोट ठेवतोय तो. समजा कपलरच्या एका पिनवर हिरवट गंज चढलाय आणि त्यामुळे सर्किटमध्ये ५०० ओहमची भर पडली. सकाळी २० अंशांना सेन्सरचे २५०० आणि हे ५००, एकूण ३०००. ईसीयूच्या तक्त्यात ३००० म्हणजे सुमारे १६ अंश. चार अंशांची चूक. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तीच गाडी ८० अंशांवर गेली की सेन्सर ३२० चा होतो, त्यात ५०० मिळवले की ८२०. तक्त्यात ८२० म्हणजे जेमतेम ५० अंश. तीस अंशांची चूक! तोच गंज, तेच ५०० ओहम, पण थंड इंजिनवर लपून राहतात आणि गरम इंजिनवर गोंधळ घालतात. शिवाय ५० अंश हा काही अशक्य आकडा नाही, त्यामुळे दिवाही लागत नाही. ईसीयू मुकाट्याने जास्त पेट्रोल देत राहतो. दिवा लागतो तो पिन पूर्ण सुटली की मगच. तुमचा कोड अधूनमधून का येतो आणि त्रास मात्र रोज का होतो, याचं उत्तर बहुधा हेच आहे.

उलट प्रकारही असतो. कपलरमध्ये पाणी किंवा कूलंट शिरलं आणि दोन पिनांच्या मधून थोडा करंट गळायला लागला तर रेझिस्टन्स कमी दिसतो, म्हणजे इंजिन आहे त्यापेक्षा गरम भासतं. ५००० ओहमची गळती धरा. २० अंशांना २५०० ऐवजी १६७० दिसतील, म्हणजे ३० अंशांच्या आसपास. ८० अंशांना ३२० ऐवजी ३००, म्हणजे फार तर ८२. इथे चूक थंड इंजिनवर मोठी आणि गरम इंजिनवर नगण्य. अशी गाडी सकाळी कुरकुरते, चालू झाल्यावर ॲक्सिलरेटर दिला की गुदमरते, आणि तापली की शहाण्यासारखी चालते. म्हणून माझ्याकडे गाडी आली की मी सगळ्यात आधी विचारतो, त्रास थंड असताना की गरम असताना? एवढ्या एका उत्तरावरून कुठल्या प्रकारची चूक शोधायची ते ठरतं.

तपासणीला सुरुवात मात्र बॉनेट उघडून कूलंटच्या पातळीपासून करायची, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. गरम इंजिनवर रेडिएटरची किंवा प्रेशर टाकीची टोपी कधीही उघडू नका. आत साधारण एक बारचा दाब असतो, आणि त्या दाबामुळेच कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपी उघडताच दाब जातो आणि उकळता फवारा थेट चेहऱ्यावर येतो. पातळी बघायची ती यासाठी की सेन्सरचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असलं तरच तो खरं सांगतो. कूलंट कमी झालं किंवा हवा अडकली तर टोक हवेत लटकतं. मग इंजिन उकळत असतानाही आकडा कमी दिसू शकतो, किंवा वाफेचा झोत लागला की मध्येच उडी मारतो. अशा गाडीत निर्दोष सेन्सर बदलला जातो आणि हेड गॅस्केट जाण्याची वेळ येते. पातळी कमी असेल तर कूलंट कुठे जातंय ते शोधणं हे पहिलं काम, सेन्सर नंतर.

पातळी ठीक असेल तर पुढची पायरी सकाळची. गाडी रात्रभर उभी राहिली पाहिजे, निदान आठ तास. इंजिन चालू न करता इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी बघा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं, म्हणजे इनटेक एअरचं तापमान. इंजिन पूर्ण थंड असताना दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, आणि बाहेरच्या हवेशीही जुळायला हवेत. तीन-चार अंशांचा फरक चालतो. दहा-बारा अंशांचा फरक असेल तर दोघांपैकी कोण खोटं बोलतंय ते बाहेरच्या तापमानावरून लगेच कळतं. ही तपासणी दुपारी दोन तास उभ्या असलेल्या गाडीवर करू नका, फसाल. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, कूलंट फिरत नाही, आणि हेडमधली उष्णता बाहेर यायला लागते, त्यामुळे सुरुवातीला तापमान उलट वाढतं. उन्हात तापलेल्या बॉनेटखालचा हवेचा आकडाही भरवशाचा नसतो.

पण वर दिलेला हिशोब लक्षात ठेवा. पिनवर गंज असेल तर सकाळची परीक्षा गाडी सहज पास होईल. म्हणून तिथे थांबायचं नाही. इंजिन चालू करा आणि स्कॅनरवर कूलंटच्या तापमानाचा आलेख लावा. निरोगी गाडीत रेषा सलग, सावकाश चढते. थर्मोस्टॅट उघडला की थोडी खाली येते किंवा थबकते, मग स्थिरावते. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडायला लागतात. गाडी उभी ठेवून चालू राहिली तर आकडा हळूहळू वाढून फॅन सुरू होतो, मग काही अंश उतरतो आणि फॅन बंद होतो. या आलेखात मी उड्या शोधतो. कित्येक लिटर कूलंट आणि मणभर लोखंड एका सेकंदात ३० अंशांनी थंड होऊ शकत नाही. रेषा ८५ वरून अचानक ४० वर किंवा उणे ४० वर जाऊन परत आली तर तो बिघाड विजेचा आहे, इंजिनचा नाही. इंजिन चालू असताना कपलर आणि त्याच्या मागची वायर हलक्या हाताने हलवा, मात्र हात, बाही आणि स्कॅनरची वायर फॅन-बेल्टपासून दूर ठेवा. हलवताक्षणी आकडा उडाला तर शोध तिथेच संपला.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर या कामात अजिबात विसंबू नका. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध थोपवलेला असतो. तापमान ७५ असो की १००, तो हलत नाही. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा असतो आणि ईसीयूचा वेगळा, दोन वायरचा. काहींत रेडिएटरच्या खालच्या पाइपवर आणखी एक असतो. आपण नेमका कुठला सेन्सर तपासतोय हे त्या मॉडेलच्या वायरिंग डायग्रामवरून पक्कं करून घ्या. चांगला सेन्सर चुकून बदलला जाण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता इंजिनचं खरं तापमान किती, हे स्वतंत्रपणे कळायला हवं. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, सेन्सरच्या अगदी जवळ रोखा. मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर हे थर्मामीटर फार कमी आकडा दाखवतात, कारण असा पृष्ठभाग उष्णता कमी बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर मोजा. बाहेरचा धातू आतल्या कूलंटपेक्षा थोडा थंड असणारच, त्यामुळे पाच-सात अंशांचा फरक मनावर घेऊ नका. टेपवर ८५ आणि स्कॅनरवर ५२ असेल, तर मात्र दोष सेन्सरपासून ईसीयूपर्यंतच्या वाटेवर आहे हे नक्की.

ती वाट दोन भागांत तोडायची. कपलर काढा, इग्निशन ऑन ठेवा. स्कॅनरवर उणे ४० यायला हवेत. फॅन एकदम सुरू होईल, दचकू नका. वायरच्या बाजूच्या कपलरमध्ये दोन पिनांदरम्यान मल्टिमीटरने जवळजवळ ५ व्होल्ट मिळायला हवेत. व्होल्ट मिळाले नाहीत तर मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुन्हा मोजा. आता ५ आले, तर सिग्नलची वायर ठीक आहे आणि सेन्सरची अर्थ वायर तुटली आहे. तरीही आले नाहीत तर सिग्नलची वायर तुटलेली किंवा कुठे तरी बॉडीला टेकलेली असणार. सेन्सरची अर्थ अनेकदा इतर सेन्सरसोबत सामायिक असते. म्हणून कूलंटसोबत इनटेक एअर किंवा थ्रॉटलचे आकडेही विचित्र दिसत असतील तर त्या सामायिक अर्थचा सांधा आधी शोधा. कपलर जोडलेला आणि इंजिन चालू असताना सेन्सरची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये.

यानंतर बरेच जण कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडतात. स्कॅनरचा आकडा उणे ४० वरून थेट वरच्या टोकाला गेला की वायरिंग आणि ईसीयू ठीक असं समजतात. दोन वायरच्या सेन्सरवर ही चाचणी चालते, पण ती अपुरी आहे. वायर पूर्ण तुटलेली नाही एवढंच ती सांगते. मधले ५०० ओहम तिला दिसत नाहीत. मी त्याऐवजी ३३० ओहमचा साधा रेझिस्टर लावतो. वर दिलेल्या तक्त्याच्या गाडीत स्कॅनरवर ७९-८० अंश यायला हवेत. ८० आले तर कपलरपासून ईसीयूपर्यंत सगळं चोख, दोष सेन्सरमध्ये. ५० आले तर नवा सेन्सर टाकून काहीही होणार नाही, कारण नव्या सेन्सरचा सिग्नलही त्याच वाटेने जाणार. नंतर २२०० ओहमचा लावा, सुमारे २३ अंश दिसले पाहिजेत. तुमच्या गाडीचा तक्ता वेगळा असू शकतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि त्याप्रमाणे रेझिस्टर निवडा.

रेझिस्टर लावताना एक गोष्ट फार जपायची. कपलरमधली पिन आतून दोन पातळ पत्र्याच्या ओठांसारखी असते, ती सेन्सरची पिन दोन्ही बाजूंनी दाबून धरते. मल्टिमीटरचा जाड प्रोब किंवा पेपरक्लिप आत खुपसली की हे ओठ फाकतात आणि पुन्हा जवळ येत नाहीत. मग कपलर ‘कट्’ आवाज करून बसतो, बाहेरून एकदम पक्का दिसतो, आणि आत पिन नुसती टेकलेली असते. इंजिन गरम होऊन प्लॅस्टिक पसरलं की तेवढाही संपर्क सुटतो. एकदा सेन्सर बदललेल्या, चार ठिकाणी तपासलेल्या गाडीत मला हा दोष वारंवार सापडतो. तो ओळखायला सेन्सरच्या पिनएवढ्याच मापाची सुटी पिन घ्या आणि कपलरच्या एकेका भोकात घालून बाहेर ओढा. ओढताना बोटांना स्पष्ट पकड जाणवली पाहिजे. एकीला पकड आहे आणि दुसरीतून पिन सुळकन बाहेर आली, तर ती दुसरी पिन बदला. वाकवून तात्पुरतं जमतं, टिकत नाही.

पकड बघतानाच टॉर्च मारून आतला रंगही बघा. हिरवी किंवा पांढरी बुरशी म्हणजे गंज. ओलसर चिकटपणा असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते कूलंट आहे: सेन्सरच्या आतलं सील फुटून ते पिनांच्या वाटेने कपलरमध्ये झिरपतंय. अशा वेळी सेन्सर आणि कपलर दोन्ही बदलायचे. फक्त सेन्सर बदलला तर पिनांवरचा गंज तसाच राहतो, आणि फक्त कपलर बदलला तर नवा कपलर पुन्हा ओला होतो. कूलंट वायरच्या तारांमधून आत चढलेलंही असतं, म्हणून वायर थोडी मागून, तांबं स्वच्छ लकाकतं तिथपर्यंत कापून नवा कपलर जोडा. नुसता स्प्रे मारून सोडलेला गंज परत येतो.

सेन्सरची स्वतःची परीक्षा बाकड्यावर करता येते. थंड इंजिनवरून तो काढा, भांड्यातल्या पाण्यात फक्त त्याचं धातूचं टोक बुडवा, पिना कोरड्या ठेवा. शेजारी थर्मामीटर लटकवा. दोन्ही तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. पाणी सावकाश तापवत, ढवळत, दर दहा-पंधरा अंशांना रेझिस्टन्स लिहून घ्या. पाणी उकळायला लागलं म्हणजे १०० अंश असं गृहीत धरू नका. उंचावर उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे १ अंशाने उतरतो, तेव्हा थर्मामीटरवरचा आकडाच खरा. नंतर पाणी निवू देताना पुन्हा मोजा. चढताना आणि उतरताना त्याच तापमानाला आकडे जुळले पाहिजेत. मध्येच मीटर अनंत दाखवून परत येत असेल तर आतला सांधा तडकलाय. हे सगळं सेन्सर गाडीपासून सुटा असतानाच. कपलर जोडलेला असताना ओहम मोजले तर ईसीयूचं सर्किटही मोजमापात शिरतं आणि आकडा निरर्थक येतो.

नवा सेन्सरही या परीक्षेतून घाला, विशेषतः तुमच्या बाबतीत. आटे तेच, कपलर तोच, पण आतला थर्मिस्टर वेगळ्या तक्त्याचा, असे सेन्सर सर्रास मिळतात. एका प्रकाराचा २० अंशांना २५०० ओहम, तर दुसऱ्या प्रचलित प्रकाराचा ३५०० च्या आसपास. १०० अंशांना मात्र दोघे जवळजवळ सारखे. असा चुकीचा सेन्सर गरम इंजिनवर बरोबर वाटतो आणि थंड इंजिनवर आठ-दहा अंश कमी दाखवतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या.

व्होल्टेज बघणाऱ्यांसाठी एक इशारा. काही कंपन्यांच्या ईसीयूमध्ये साधारण ५० अंशांच्या आसपास आतला रेझिस्टर बदलला जातो, जेणेकरून गरम टप्प्यात मोजमाप बारीक व्हावं. अशा गाडीत व्होल्टेज उतरत उतरत एका व्होल्टच्या आसपास येतं आणि अचानक साडेतीनच्या जवळ उडी मारतं, मग पुन्हा उतरू लागतं. हा बिघाड नाही. त्या क्षणी स्कॅनरवरचं तापमान सलग राहतं, हीच खूण.

थर्मोस्टॅटबद्दल. तो उघडा अडकला तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन लवकर तापतच नाही. हायवेवर वेग धरला की आकडा ६०-६५ पर्यंत उतरतो, सिग्नलला थांबलं की चढतो. पेट्रोल जास्त जातं, हीटर कोमट राहतो, पी०१२८ येतो. इथे सेन्सर अगदी खरं सांगत असतो, तरी त्यालाच बदललं जातं. थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर लक्ष ठेवा. तो बराच वेळ थंड राहून मग थोड्या वेळात तापायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. टेपवरच्या थर्मामीटरनेही स्कॅनरइतकाच कमी आकडा दाखवला, तर तेच.

डिझेल गाडीत लक्षणं थोडी वेगळी दिसतात. ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू करताना आतली हवा तापवणारे प्लग, किती वेळ तापवायचे हे ईसीयू याच सेन्सरवरून ठरवतो, म्हणून सेन्सर गरम दाखवत असेल तर थंडीत सेल्फ लांबतो आणि पांढरा धूर येतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत इंजिन थंड आहे असं वाटलं की वरचा गिअर उशिरा पडतो. गाडी नेहमीपेक्षा जास्त आरपीएमवर ओढतेय अशी तक्रार गिअरबॉक्सची म्हणून येते, आणि मूळ या दोन वायरच्या सेन्सरमध्ये निघतं.

शेवटी सेन्सर बदलायचा ठरलाच, तर इंजिन थंड असताना, थोडं कूलंट काढून घेऊन. काढलेलं कूलंट उघड्यावर सोडू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. जुनी ओ-रिंग (सीलची रबरी कडी) भोकात चिकटून राहिली नाही ना ते बोटाने चाचपा. दोन रिंगांवर बसलेला सेन्सर हमखास गळतो. बॉडीतून अर्थ घेणाऱ्या एका वायरच्या सेन्सरला आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, अर्थ तुटू शकते. ॲल्युमिनियममध्ये आटे जातात, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्कच, म्हणजे घट्ट करण्याचा तेवढाच जोर, द्या. नंतर कूलंट भरून हवा काढा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, आणि एअर ब्लीड स्क्रू असेल तर त्यातून बुडबुडे थांबेपर्यंत.

तुमच्या गाडीला मी याच क्रमाने हात लावला असता: कूलंटची पातळी, मग गरम इंजिनवर टेप आणि थर्मामीटर, मग ३३० ओहमचा रेझिस्टर, मग पिनांची पकड. सकाळची तुलना तुमच्या बाबतीत फारसं काही सांगणार नाही, कारण थंड असताना गाडी ठीकच आहे. दुरुस्तीनंतर कोड पुसा, गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, बंद करा आणि बरोबर पंधरा-वीस मिनिटांनी, ज्या वेळी ती हटकून त्रास द्यायची त्याच वेळी, इग्निशन ऑन करून आधी स्कॅनर बघा. तापमान ८० ते १०० च्या दरम्यान असेल आणि पहिल्या सेल्फला गाडी उचलली तर काम झालं. अजूनही ५० दिसत असेल तर ईसीयूकडच्या टोकाचा कपलर उघडा आणि तिथल्या त्याच दोन पिनांवर हीच परीक्षा पुन्हा करा.